कॉलरच्या आतला नंबर

मामा : माणूस गेला की त्याचे कपडे आपण कुणा गरजवंताला देतो. घरात ठेवत नाही. आणि तू परक्या माणसांचे कपडे पैसे मोजून घ्यायलास, वर डांबराच्या गोळ्या घालून जपायलास. हे कशासाठी, ते मला एकदा नीट सांग.

मी : सांगतो मामा. पण आधी कपाट उघडू द्या.

माझे मामा महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) छावणीला लागून त्यांचं घर आहे. मी वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि जुन्या लष्करी वर्द्या जमवतो. नुसत्या जमवत नाही, त्या कुणी घातल्या होत्या याचा शोध घेतो. मामांना हा उद्योग पहिल्यापासून खटकतो. त्या दुपारी आमचं जे बोलणं झालं ते इथे मांडतो आहे, कारण त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं जमवणाऱ्या प्रत्येकाला द्यावी लागतील असं मला मनापासून वाटतं.

मी : हा शर्ट बघा. दुसऱ्या महायुद्धातला, अमेरिकन फौजेचा. मुंबईच्या चोरबाजारात मिळाला. खांद्यावर ढालीच्या आकाराचा बिल्ला आहे. खाली लाल-पांढरे पट्टे, वर निळ्या पट्टीत एकीकडे चीनचा सूर्य, दुसरीकडे हिंदुस्थानचा तारा. चीन, ब्रह्मदेश आणि भारत मिळून जी आघाडी होती, तिथल्या अमेरिकन सैनिकांचा हा बिल्ला.

मामा : अमेरिकन इकडं आले होते, हे ऐकून आहे. पण आसामात, आपल्याकडं कुठं?

मी : आपल्याकडेही. जपाननं १९४२ मध्ये ब्रह्मदेश घेतला आणि चीनला रसद नेणारा रस्ता तुटला. तो परत उघडायचा म्हणून अमेरिकेनं स्वयंसेवकांची एक पलटण उभी केली, सुमारे तीन हजारांची. मेरिल्स मरॉडर्स नावानं ती पुढे प्रसिद्ध झाली. ३१ ऑक्टोबर १९४३ ला ती मुंबई बंदरात उतरली आणि तिथून गेली कुठे, तर आपल्या नाशिकजवळच्या देवळालीला. पुढे ललितपूरकडच्या देवगडला जंगलातल्या लढाईचा सराव आणि मग ब्रह्मदेश. मे १९४४ मध्ये चिनी पलटणींबरोबर त्यांनी म्यितकिनाची धावपट्टी घेतली, तेव्हा आजारानं आणि उपाशीपणानं निम्मेअधिक लोक खचले होते.

मामा : म्हणजे हा त्यांच्यातला?

मी : तसं मी म्हणणार नाही. पुरावा नाही. विकणाऱ्यानं मात्र छातीठोक सांगितलं होतं.

मामांनी बिल्ल्यावरून अंगठा फिरवला, मग शर्ट उलटा करून आतले टाके पाहिले. कपडा आतून बघायची फौजी माणसाची सवय मला फार आवडते. बहुतेक हौशी लोक बाहेरचीच बाजू बघतात.

मामा : हे मशीनचं काम नाही. हातचं आहे. जर आहे ही.

मी : बरोबर. अमेरिकेतून यायचे ते बिल्ले मशीनवर विणलेले असायचे. इथं आल्यावर सैनिक बाजारातल्या कारागिरांकडून हातानं भरून घ्यायचे. आता जगभर जमवणारे लोक मशीनच्या बिल्ल्यापेक्षा या हातच्या बिल्ल्याला जास्त पैसे देतात. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, कॉलरच्या आत. एक इंग्रजी अक्षर, पुढे चार आकडे.

मामा : नंबर.

मी : अर्धा नंबर. अक्षर आडनावाचं पहिलं, आकडे सैनिकाच्या क्रमांकाचे शेवटचे चार. धुवायला गेलेल्या कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून हा शिक्का. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं त्या युद्धातल्या भरतीच्या सुमारे ९० लाख नोंदी सगळ्यांना खुल्या केल्या आहेत. शेवटचे चार आकडे तेच असलेली माणसं त्यात नऊशेच्या घरात निघावीत. आडनावाचं अक्षर लावलं की पन्नास-साठ उरतात. मग कोण कुठल्या गावचा, कोण या आघाडीवर आला होता, कुणाच्या मृत्यूच्या बातमीत ब्रह्मदेशाचा उल्लेख आहे, हे एकेक करून बघायचं. माझ्याकडे आता चार नावं उरली आहेत.

मामा : त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला सरळ विचार की.

मी : तिथंच अडतं. सेंट लुईसला सगळ्या फायली होत्या. १२ जुलै १९७३ ला तिथे आग लागली. १९१२ ते १९६० या काळात फौजेतून बाहेर पडलेल्या सैनिकांच्या शंभरातल्या ऐंशी फायली जळाल्या. एकूण दीड कोटींहून जास्त. एवढा श्रीमंत देश, तरी तिथेही मुलं आजोबांच्या वर्दीवरचा बिल्ला आणि कॉलरचा नंबर घेऊन त्यांची लढाई शोधत बसतात. कागद जळाला तिथे कपडाच साक्षीदार उरला.

मामा : बरं. समज, सापडला तुझा माणूस. पुढं?

मी : घरच्यांना कळवीन. शर्ट हवा असेल तर पाठवीन.

मामा : आणि ज्यानं हा बिल्ला भरला, त्याचं नाव काय?

मी थांबलो. हा प्रश्न माझ्या कुठल्याच वहीत नव्हता.

मामा : घालणाऱ्याला नंबर होता म्हणून तो सापडायलाय. भरणारा याच मातीतला. त्याला नंबरच नव्हता. सात समुद्रापलीकडचा माणूस तू शोधणार आणि हा कुणी तरी एक कारागीर, असं म्हणून सोडून देणार.

मी : सोडून देत नाही. पण त्याच्यापर्यंत जायला वाटच नाही. टाक्याच्या पद्धतीवरून फार तर शहर सांगता येईल, तेही अंदाजानं.

मामा : मग तेवढं तरी लिहून ठेव. चार अमेरिकन नावांच्या शेजारी.

ते मी लिहिलं. या छंदातल्या पुस्तकांत हातच्या बिल्ल्याचं कौतुक पानं भरून असतं, दोऱ्याचा रंग, जरीची जात, मागच्या कापडाची वीण. ज्या हातांनी तो भरला त्यांना एक ओळ मिळत नाही. ही उणीव साधी नाही, कारण शोध नेहमी तिकडेच जातो जिकडे आधी कुणी नोंद केलेली असते.

मी : आता आपल्याकडचं बघा. हा बुशशर्ट. जाफर गेटच्या बाजारात एका भंगारवाल्याकडे होता. आतल्या शिक्क्यात बाण आहे आणि बाणाखाली आय हे अक्षर. इंग्रज सरकारचा माल आणि हिंदुस्थानात तयार झालेला, अशी ती खूण. रंग हिरवा, म्हणजे बहुधा १९४३ नंतरचा. त्याआधी खाकी होतं, ते ब्रह्मदेशच्या झाडीत उठून दिसायचं, म्हणून हिरवा कपडा आला. खांद्यावरचा बिल्ला कुणी तरी उसवून नेलाय, टाक्यांची भोकं तेवढी दिसतात. आणि कॉलरच्या आत ही काळी खूण. दोन टिंबं, एक आडवी रेघ.

मामा : बिब्बा आहे हा. परटाची खूण. कितीही धुतलं तरी जात नाही. आमच्या पलटणीचा धोबी दोनशे माणसांच्या खुणा तोंडपाठ सांगायचा. गठ्ठा सोडला की हात आपोआप चालायचा, हे याचं, हे त्याचं.

मी : म्हणजे ही खूण वाचणारा एकच माणूस होता आणि तो आता नाही.

मामा : नाही. पण मला तुझ्याकडून दुसरंच ऐकायचंय. हा कपडा बाहेर आला कसा? आमच्याकडं कपडा सरकारचा असतो. फाटला की जमा करायचा, बोर्ड बसतं, कंडम ठरवतं, मग त्याची चिंदी होते आणि ती चिंदी पुलथ्रूला लावून रायफलची नळी साफ करतात. वर्दीचा शेवट तसा व्हायला पाहिजे, कामात. तुझ्या कपाटात नाही.

मी : सगळ्यांचाच तसा होत नव्हता, मामा. युद्ध संपल्यावर सरकारनं कपड्यांचे डोंगर लिलावात काढले. सुटून घरी आलेले लोक अंगावरच्या कपड्यानिशी आले. आणि जुन्या रिसाल्यांत तर कपडा सरकारचा नव्हताच. आपल्या या छावणीत निजामाच्या कंटिंजंटचे जे घोडेस्वार होते ते शिलेदार. घोडा स्वतःचा, कपडा स्वतःच्या पैशाचा. पगारातून तो फिटायचा. ती पद्धत पहिल्या महायुद्धानंतर बंद झाली.

मामा : ते असेल. तरी बाजारात वर्दी विकणं मला मान्य नाही. पठाणकोटला जानेवारी २०१६ मध्ये अतिरेकी फौजी कपड्यात आले. त्यानंतर फौजेनं लोकांना हात जोडून सांगितलं, असले कपडे विकू नका, घालू नका. सैनिक नसताना सैनिक भासावं म्हणून वर्दी घालणं जुन्या दंडसंहितेच्या कलम १४० खाली गुन्हाच होता, नव्या कायद्यातही आहे. का आहे? कारण ती अंगावर असली की लोक विश्वास ठेवतात. तो विश्वास कुणी तरी जीव देऊन मिळवलेला असतो.

मी : मी एकही वर्दी अंगावर घातलेली नाही. आरशासमोरसुद्धा नाही. आणि आजच्या फौजेचा कपडा मी घेतच नाही.

मामा : बरं केलंस. पण माझं म्हणणं त्याच्याही पलीकडचं आहे. तुला ठाऊक आहे, आमच्या लोकांसाठी फौजेचं दार बंद झालं होतं. कोरेगावच्या खांबावर आमची नावं आहेत, आणि पुढं त्याच सरकारनं ठरवलं की हे लढाऊ नाहीत. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. बाबासाहेब स्वतः सुभेदाराचे चिरंजीव, महूच्या छावणीत जन्मलेले. ते व्हॉइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पहिल्या बिल्ल्यावर काय होतं? कोरेगावचा खांब. ज्या माणसाला गावात स्वच्छ धोतर नेसायची चोरी होती, तो इस्त्रीची वर्दी घालून वेशीतून आत आला. वर्दी मिळवायची असते रे. विकत घ्यायची नसते.

हे बोलताना मामांचा आवाज वाढला नाही. मला मात्र उत्तर द्यायला वेळ लागला, कारण त्यांच्या या म्हणण्यातलं एक अक्षरही मला खोडायचं नव्हतं.

मी : मामा, तुम्ही आत्ता म्हणालात की पहिल्या बिल्ल्यावर खांब होता. पुढे खांबाच्या जागी खंजीर आला. उद्या कुठल्या भंगारच्या पोत्यात खांबाचा बिल्ला असलेली टोपी निघाली, तर ती रेजिमेंटच्या पहिल्या वर्षांतली आहे हे ओळखणारा कुणी तरी तिथे हवा की नको? मी नसेन तर ते पितळ किलोवर जाईल.

मामा : पितळ किलोवर गेलेलं मी बघितलंय. चांदी तर जास्तच.

मी : पदकं?

मामा : बहात्तरच्या दुष्काळात घरातली भांडी मोडीत गेली. तिथं आजोबाचं पदक कोण ठेवणार? पोरांच्या पोटात भाकरी पाहिजे होती. त्यांना नावं ठेवायचा अधिकार तुला नाही आणि मलाही नाही.

मी : नावं ठेवत नाही. उलट त्यातूनच मला एक गोष्ट समजली. पहिल्या महायुद्धाचं जे मोठं पदक होतं ते लढणाऱ्या सैनिकाला चांदीचं मिळालं. मजूर तुकड्यांतल्या माणसाला, पलटणीबरोबर गेलेल्या इतर कामगारांना तेच पदक ब्राँझचं मिळालं. चित्र तेच, राजा तोच, धातू हलका. दोन्हींच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं. चांदीचा भाव चढला तशी चांदीची पदकं जगभर वितळली. ब्राँझला कुणी विचारलं नाही.

मामा : म्हणजे ज्याला कमी लेखलं, त्याचं नाव टिकलं.

मी : काहींचं तरी.

मामा : आण एखादं ब्राँझचं कधी. बघायचंय मला.

त्यांनी काही आणायला सांगण्याची ही पहिलीच वेळ. मग मी त्यांना बसऱ्याच्या स्मारकाबद्दल सांगितलं. मेसोपोटेमियात १९१४ ते १९२१ या काळात मेलेल्या आणि थडगं न सापडलेल्या ४० हजारांहून अधिक लोकांचं ते स्मारक. इंग्रज शिपायांची नावं भिंतीवर कोरलेली आहेत. हिंदी लोकांत मात्र अधिकाऱ्यांचीच नावं कोरली, बाकीच्यांचे पलटणीनुसार फक्त आकडे लिहिले. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडलेली सहावी डिव्हिजन पुण्याची होती. तिच्यात १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फन्ट्री होत्या. डिसेंबर १९१५ पासून त्यांनी घोड्यांचं मांस खाण्याची पाळी येईपर्यंत तग धरला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, आणि पुढे वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत किती तरी मेले. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची माणसं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं स्वतःच एप्रिल २०२१ च्या अहवालात मान्य केलं की अशा हजारो लोकांना बरोबरीनं स्मरलं गेलं नाही.

मामा : आकडा लिहिला नुसता?

मी : पलटणीचं नाव आणि पुढे आकडा.

मामा : मग शोध. एवढ्यासाठी तरी शोध. पण माझी अडचण तशीच आहे. तू नाव शोधतोस ते कुणासाठी? वस्तूची किंमत वाढावी म्हणून का?

मी : वाढते, हे खरं आहे. नाव लागलं की किंमत दुप्पट-तिप्पट होते. म्हणून खोटी नावंही लावली जातात, एका माणसाची पदकं दुसऱ्याच्या कोटावर टाचली जातात. जुन्या कुटुंबाची पेटी फोडून कोट एकाला, बिल्ले दुसऱ्याला, पत्रं तिसऱ्याला विकणारे व्यापारी मी बघितले आहेत. एकदा ती पेटी फुटली की ती माणसाची राहत नाही. याबाबत तुमचा राग योग्य आहे.

मामा : मग त्याच बाजारात तू का जातोस?

मी : कारण पेटी तिथेच येते. आपल्या शहरातल्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयाचंच घ्या. डॉ. शांतिलाल पुरवार यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू त्याच्या मुळाशी आहेत. बाजारात गेलंच नाही पाहिजे असं त्यांनी ठरवलं असतं तर काय उरलं असतं?

मामा : ते सगळ्यांना बघायला ठेवलं. कपाटात नाही.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही पुरतं नाही. शंभर वर्षं झालेली वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते, ती देशाबाहेर नेता येत नाही. कुतच्या वेढ्यातला एखादा कोट आज निघाला तर तो या कायद्यात बसतो. पण कायदा वस्तू देशात ठेवू शकतो, ती लोकांसमोर मांडायचं काम कुणाला तरी करावं लागतं. नगरला, म्हणजे अहिल्यानगरला, रणगाड्यांचं संग्रहालय १९९४ पासून आहे, लोक मुलाबाळांसह जातात. साध्या शिपायाच्या बुशशर्टासाठी तशी जागा मिळाली तर माझं कपाट मी त्याच दिवशी रिकामं करीन.

चहा झाल्यावर मामांनी विषय छावणीकडे वळवला, आणि इथेच आमचं खरं बिनसलं.

मामा : क्रांती चौकाजवळचा काला चबुतरा. सत्तावन्नच्या जूनमध्ये कंटिंजंटचा पहिला रिसाला उठला. दफेदार मीर फिदा अलीनं कॅप्टन ॲबटवर गोळी झाडली, त्याला फाशी दिलं. पुण्याहून जनरल वुडबर्न फौज घेऊन आला. बाकीच्यांपैकी काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. त्यांच्या अंगावर कुठली वर्दी होती? त्याच सरकारची. आणि त्यांना मारणाऱ्यांच्या अंगावरही तशीच. आता सांग, तू कुणाची ठेवशील?

मी : दोन्हीकडची. त्याच कंटिंजंटचे रिसाले १९०३ मध्ये हिंदी फौजेत आले. त्यांतला २० डेक्कन हॉर्स १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडवर घोडे घालून गेला, भाले घेऊन, मशीनगनसमोर. आज तोच डेक्कन हॉर्स भारताच्या रणगाडा दलात आहे. एकाच पलटणीच्या अंगावरून एवढा इतिहास गेलाय. त्यातला मला आवडेल तेवढाच तुकडा कसा ठेवू?

मामा : आणि रझाकाराचा डगला? तो ठेवशील?

मी : ठेवीन. नाव लागलं तर नावासकट.

मामा बराच वेळ बोलले नाहीत.

मामा : तुझी आजी, माझी आई, अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात रात्र-रात्र ज्वारीच्या पिकात बसून राहायची. कडेवर मी नव्हतो, थोरली बहीण होती. तिच्या तोंडावर हात दाबून, ती रडू नये म्हणून. १३ सप्टेंबरला आपली फौज आत आली, १७ ला निजाम शरण आला, तेव्हा ती घरी आली. त्या डगल्याला तू गोळ्या घालून जपणार?

मी : तो डगला नाहीसा झाला तर आजी कुणाला भिऊन पिकात बसली होती, हे दाखवायला काय उरेल? आणि त्याच्या आत एखादं नाव असेल, तर तो कुणी सैतान नव्हता, शेजारच्या तालुक्यातला एक माणूस होता, हेही कळेल. ते कळणं मला गरजेचं वाटतं.

मामा : तुला गरजेचं वाटत असेल. ज्याच्या घरात तसलं नाव निघेल त्या घराला गरजेचं आहे का? त्याचे नातू आज याच शहरात रिक्षा चालवत असतील, दुकान चालवत असतील. तू जाऊन सांगणार, हा घ्या तुमच्या आजोबाचा डगला?

मी : विचारणार. गाजावाजा करणार नाही.

मामा : विचारणंसुद्धा कधी कधी मारण्यासारखं असतं. आमच्या पलटणीतून पळून गेलेले होते, कोर्ट मार्शल झालेले होते. घरी सांगितलेलं असायचं, साहेबाशी पटलं नाही, सोडून आलो. त्या माणसानं आयुष्यभर झाकलेलं तू कागदावरून काढणार आणि त्याच्या नातवाच्या हातात देणार. पुण्याचं काम केलं म्हणून समाधानानं झोपणार.

या मुद्द्यावर माझं मत मी बदललेलं नाही, पण त्याला आता एक काठ आला आहे. शौर्य सापडलं तर कळवायचं आणि लाज सापडली तर दडवायचं, असं केलं तर शोध खोटा होतो. पण कळवण्याआधी समोरच्याला कळून घ्यायचं आहे का, हे विचारता येतं. नाही म्हणायची मोकळीक त्याला देता येते. अमेरिकेत हे काम करणारे लोक बहुतेक वेळा आनंदी कुटुंबांच्या गोष्टी सांगतात, वर्दी परत मिळाली, डोळ्यांत पाणी आलं. उत्तर न देणाऱ्या घरांबद्दल मात्र कुणी लिहीत नाही.

मग मी शेवटची वस्तू काढली. बुशशर्टाच्याच पोत्यात मिळालेला बर्मा स्टार. इंग्रज सैनिकांना हे तारे कोरे मिळत. हिंदी फौजेतल्यांच्या ताऱ्यांवर मागे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. या एका बाबतीत आपली माणसं जास्त भाग्यवान. अक्षरं झिजली आहेत, पण नंबर पुरा वाचता येतो आणि पलटणही, मराठा लाइट इन्फन्ट्री.

मामांनी चष्मा पुसला, तारा खिडकीशी नेला आणि नंबर मोठ्यानं वाचला. परेडवर वाचतात तसा, एकेक आकडा तोडून.

मामा : मराठ्यांची चौथी बटालियन संगशकला होती. मार्च चव्वेचाळीस. जपानी इंफाळ-कोहिमाकडं सरकले तेव्हा त्यांना पाच-सहा दिवस अडवून धरलं. हा त्यातला असू शकतो.

मी : असू शकतो. पण इतर बटालियनीही ब्रह्मदेशात होत्या. म्हणून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहायचंय. तुम्ही सांगा, मी लिहितो.

मामा : लिहितो म्हणायच्या आधी माझ्या अटी ऐक. नाव वाचता आलं की आधी घर शोधायचं. घर सापडलं की वस्तू त्यांची. तू दिलेले पैसे मागायचे नाहीत.

मी : आणि ते म्हणाले की तुम्हीच ठेवा?

मामा : तर ठेव. विकायची नाही. आणि घर सापडेपर्यंत तिचा फोटो कुठंही चढवायचा नाही.

मी : शेवटची अट कठीण आहे. फोटो बघूनच कुणी तरी ओळखतं.

मामा : मग नंबर झाकून चढव.

हे मला पटलं. आम्ही पत्र लिहायला घेतलं. मामांनी विषयाची ओळ सांगितली, मग नंबर, हुद्दा, पलटण, वस्तू कुठे आणि कधी मिळाली. कितीला मिळाली हे मी लिहू लागलो तर त्यांनी ते खोडायला लावलं. गावाचं नाव मिळालं तर त्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात स्वतः जायचं, फोनवर विचारायचं नाही, असंही बजावलं. तिथले बाबू माजी सैनिकाला चटकन उत्तर देतात, म्हणून बरोबर यायला ते तयार आहेत. जाताना ते स्वतः टोपी घालणार आहेत, खंजिराच्या बिल्ल्याची.

मामा : डगल्याचं मात्र आपलं ठरलेलं नाही.

मी : नाही ठरलं.

मामा : मिळाला तरी माझ्या दारात आणू नकोस. पत्र रजिस्टर्ड पाठव, पावती जपून ठेव.